माहेरची भिंत, सासरची म्हैस

माझ्या माहेरच्या भिंतीवरून बैलगाडी जायची. हे मी पहिल्यांदा सांगितलं तवा माझी नात ऋतुजा पाच वर्षांची होती आन् गाडी एकच होती. ती दहावीला गेली तवर त्या भिंतीवर दोन गाड्या समोरासमोर यायला लागल्या, आन् एकमेकीला वाट देऊन जायला बी लागल्या. आता गोष्ट वाढतीच की. पोरगी वाढती, आंबा वाढतो, गोष्टीनं काय पाप केलं?

माझं माहेर उमरीच्या अलीकडं, नांदेड जिल्ह्यात. सासर चाकूरपासून दोन कोसावर, लातूर जिल्ह्यात. आता आम्ही म्हातारा-म्हातारी लातूरला पोराकडं ऱ्हातो. पोरगा बजरंग, त्याची ही ऋतुजा, कंप्युटरच्या कालेजात तिसऱ्या वर्षाला. आन् आमचे मालक किशनराव, ऋतुजाचे आबा. ह्या माणसाला जे हाय त्याच्या पलीकडं एक अक्षर बोलता येत न्हाई. पाऊस पडला तर ‘पडला’ म्हणतात. किती पडला इचारलं तर चप्पल घालून बाहेर जातात, बघून येतात, मग सांगतात. असल्या माणसासंगं पंचावन्न वर्षं काढायची म्हणजे घरात कोणाला तरी दोघांच्या वाटणीचं बोलावं लागतं. ते काम मी केलं.

माहेराचं मी लई सांगितलं. आमच्या बारवंला शंभर पायऱ्या, आन् आत हाक मारायच्या आधीच आतून ‘ओ’ यायची. आमच्या चिंचंखाली भर दुपारी दिवा लावून बसावं लागायचं. धान्य साठवायचं जमिनीतलं पेव तर एवढं लांब की एका साली आमची शेळी त्यात पडली आन् उमरी स्टेशनाच्या फलाटावर निघाली.

सासरचं बी सांगितलं, पर उलटं. बोडकं माळरान, एक बाभूळ, ती बी लाजून वाकलेली. घराची भिंत कोंबडीनं बसल्या जागी ओलांडावी अशी. हिरीत पाणी न्हाई, बोलावणं धाडावं लागतं. ह्याला कारण हाय. माझ्या लग्नाच्या पंगतीत सासूबाई चार बायांत बोलल्या, “उमरीकडचं वरण पातळ.” हळद अंगावर वाळली न्हवती तवाच मी ठरवलं, ह्या गावाचं एक वाक्य चांगलं बोलायचं न्हाई. पंचावन्न वर्षं इमानानं पाळलं. मालकांनी कधी तक्रार केली न्हाई. नुसते ऐकायचे आन् सुपारी कातरायचे.

आता ऋतुजाचं काम सांगते. पोरं कंप्युटरवर बंदुकीचा खेळ खेळतात, दहा-दहा जण, कोणी लातुरातून, कोणी नांदेडातून. हिचं काम बंदुकीचं न्हाई, जागेचं. कुठं भिंत, कुठं खड्डा, कुठून पळायचं, कुठं लपायचं, ती जागा ही बनवती. त्याला म्याप म्हणतात.

“आजी, पाच जण इकडं, पाच जण तिकडं,” तिनं मला एकदा समजावून सांगितलं. “मधी पार हाय, पारावर झेंडा. डाव संपताना झेंडा ज्याच्या ताब्यात, त्यानं तो डाव जिंकला. गोळी लागली की माणूस मरतो, आन् दहा सेकंदानं आपल्या गावात परत जित्ता होतो.”

“मग मरतो कशाला?”

“वाट चुकली म्हणून.”

मला हे लई पटलं. आमच्या वेळंला अशी सोय असती तर निम्मी भाऊबंदकी मिटली असती.

ह्याच्या आधी तिनं तीन म्याप केले होते. एका अंगाचं गाव बनवायची आन् तेच आरशात बघितल्यासारखं दुसऱ्या अंगाला उमटवायची. इकडं भिंत तर तिकडं भिंत, इकडून पारापर्यंत वीस पावलं तर तिकडून वीसच. कोणाला नाव ठेवायला जागा न्हाई. पोरं एकदा खेळली, ‘बरोबर हाय’ म्हणली, आन् परत कोणी ते उघडलं न्हाई. तीनही म्यापांचं असंच झालं.

अशात लातूर विरुद्ध नांदेड असा सामना ठरला. लातूरच्या टोळीचा म्होरक्या संगप्पा, मूळचा उदगीरकडचा. तिकडं कानडी मिसळलेली, म्हणून मला ‘अज्जी’ म्हणतो. नांदेडची म्होरकी बुद्धप्रिया नावाची पोरगी, आवाज मऊ आन् निशाणा कडू. दोघांनी ठरवलं, म्याप असा पाहिजे की आजवर कोणीच खेळलेला न्हाई. काम ऋतुजाकडं आलं. अट एकच, सामन्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी खेळून बघायचं. एका बाजूला झुकतं माप दिसलं तर नेहमीचा जुनाच म्याप घ्यायचा.

चार महिने पोरगी त्यात होती. जेवताना बी बोटं ताटात चालवायची. एक दिवस मला म्हणली, “आजी, हा बी कोणी दुसऱ्यांदा खेळला न्हाई तर मी समजून जाईन. सगळं पुसून टाकीन आन् हे परत करणार न्हाई.”

ती असं रडून बोलली असती तर मला फिकीर न्हवती. ती भाकरी मोडत, खाली बघून बोलली. आमच्या घरात खाली बघून बोललेलं खरं होतं.

मग तो रविवार आला. संगप्पा आपली चार पोरं आन् पाच लॅपटॉप घेऊन आमच्या बैठकीत मांडी घालून बसला. बुद्धप्रिया नांदेडातून, तिचा आवाज फोनमधून. ऋतुजानं माझ्या डोळ्याला चष्मा लावला आन् म्हणली, “आजी, बघ. तुला न सांगता केलंय.”

मी बघितलं. आन् खरं सांगते, मी चाटच पडले.

पडद्यावर माझं माहेर होतं. भिंत इतकी रुंद की तिच्यावर दोन बैलगाड्या, एक इकडून जायली, एक तिकडून यायली. बारव, मोजल्या तर शंभर पायऱ्या. चिंचंखाली अंधार आन् त्यात एक दिवा. पेवाचं तोंड, त्यातनं बोगदा, आन् बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला फलाटावर शेळी. पोरीनं माझं अक्षरसुद्धा खाली पडू दिलं न्हवतं.

“आन् ह्या अंगाला आबाचं गाव,” ती म्हणली.

ह्या अंगाला माळरान होतं. एक बाभूळ, वाकलेली. कोंबडीची भिंत. बस.

मालक खुर्चीतनं उठून जवळ आले, वाकून बघितलं, आन् परत जाऊन बसले. सुपारी मातर कातरली न्हाई.

खेळ सुरू झाला. पहिल्या डावाला संगप्पा माहेरी, बुद्धप्रिया सासरी. माहेरवाले जिंकले. दुसऱ्या डावाला बाजू बदलली, बुद्धप्रिया माहेरी. माहेरवाले जिंकले. दहा डाव झाले, दहाही माहेरानं नेले. मी मनात लई खुश. पर ऋतुजाचा चेहरा उतरत चालला.

“ताई,” फोनमधून बुद्धप्रिया बोलली, “सासरच्या बाजूनं एक पाऊल टाकलं की आम्ही थेट वर.”

“अज्जी,” संगप्पा माझ्याकडं वळून म्हणला, “तुमच्या सासरी लपायला जागाच न्हाई की ओ.”

“सासरी नसतीच बाबा.”

“पण बाजू बदलून खेळलं की शेवटी बरोबरीच होते ना?” ऋतुजा धडपडत म्हणली. “पाच तुमचे, पाच त्यांचे.”

“बरोबरी होती, पर कायम बरोबरीच होती,” संगप्पा म्हणला. “दिवाळीपस्तोर खेळलं तरी कोणी जिंकायचं न्हाई. ज्याच्या वाट्याला माहेर, त्याचा डाव. ह्याला सामना म्हणायचा का पाळीनं पाणी भरणं?”

बुधवारपर्यंत दुरुस्त कर, असं ठरवून पोरं उठली. जाताना माझ्या हातचे शेंगदाण्याचे लाडू खिशात भरून गेली, तेवढी त्यांना समज हाय.

दार लावलं आन् ऋतुजा वही घेऊन माझ्यासमोर बसली. “आजी. भिंत किती उंच होती? खरी सांग.”

मी खोकले. पाणी प्याले. मालकांनी पेपर खाली केला.

“कमरेएवढी,” मी म्हणलं.

“कोणाच्या?”

“माझ्या.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी काही ताडाचं झाड न्हाई. “तुझ्या आत्ताच्या कमरेएवढी?”

“तवाच्या. मी सात वर्षांची होते.”

तिनं लिहून घेतलं. “बारवंच्या पायऱ्या?”

“तीन. चौथी निखळलेली होती.”

“पेवातला बोगदा?”

“पेवात ज्वारी होती. बोगदा कुठला.”

“आन् शेळी?”

“शेळी पडली होती, हे बिलकुल खरं.”

“निघाली कुठून?”

“पडली तिथूनच,” मी म्हणलं. “दावं लावून काढली.”

पेपरच्या मागून मालकांची मिशी हलली. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडून माहेरचं खरं माप ऐकलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी वरण मागून घेतलं आन् वाटी हलवून हलवून बघितली. मी समजले.

बुधवारी पोरं परत बसली. आता भिंत खरी, पायऱ्या खऱ्या, बोगदा गेला, शेळी गेली. सासर जसं होतं तसंच. दहा डाव झाले, पाच-पाच. परत दहा झाले, सहा-चार. माप काट्यावर बसलं.

आन् संगप्पानं जांभई दिली. तोंडावर हात घ्यायचा बी त्याला आळस आला.

“अज्जी, न्याय झाला,” तो म्हणला. “पर जीव गेला ह्याच्यातला. तहसील कचेरीत बसल्यासारखं वाटायलंय.”

फोनमधली बुद्धप्रिया सभ्य पोरगी. ती म्हणली, “ताई, छान हाय. बरोबर हाय.” आन् मग, “ते आम्ही… जुनाच खेळू का रविवारी?”

‘बरोबर हाय.’ तेच शब्द, चौथ्या खेपेला. ऋतुजा हसून “चालंल की” म्हणली, पोरांना दारापर्यंत सोडून आली, आन् कंप्युटरसमोर बसली. मी तिच्या मागं उभी. तिनं म्यापाच्या चित्रावर बाण नेला आन् काहीतरी दाबलं. पडद्यावर सवाल आला, पुसायचं का म्हणून. ‘हाव’ आन् ‘न्हाई’, दोनच रस्ते.

मी तिच्या हातावर हात ठेवला. “भिंत परत घाल.”

“आजी, नको आता.”

“दोन्ही गाड्या घाल. शेळी बी घाल. शेळीशिवाय ते गाव माझं न्हाई.”

“मग परत माहेरच जिंकणार.”

“माहेर कापू नको. सासर वाढव.”

“कशानं वाढवू?” पोरगी एकदम माझ्याकडं वळली. “तू आबाच्या गावाचं कधी एक शब्द चांगला बोललीस का? माझ्याकडं तिकडचं सामान काय हाय? एक बाभूळ.”

हे मला लागलं, कारण खरं होतं. तिनं मग आबालाच गाठलं. “आबा, तुमचं गाव कसं होतं? जरा भारी करून सांगा.”

“चांगलं हाय गाव.”

“हीर कशी होती?”

“दोन परस खोल.”

“आन् झाडं?”

मालकांनी वर बघून मोजली. “चौदा. एक वाळलं. तेरा.”

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत सगळं होतं. ह्या घरात थाप मारायला येणारं माणूस एकच, आन् त्या माणसाच्या तोंडाला पंचावन्न वर्षांचं कुलूप.

मी तुरीच्या शेंगांचं टोपलं घेतलं आन् मालकांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसले. तोंड बघून मला बोलता आलं नसतं.

“तुझ्या आबाच्या गावाला ओढा हाय,” मी शेंग सोलत म्हणलं. “वरून बघितलं तर तुला नुसतं माळरान दिसंल. पर जमीन मधीच फाटलेली हाय. घरामागून निघतो तो थेट शिवाराच्या मधोमध. त्याचे काठ इतके खोल, इतके खोल, की उंटावर बसून माणूस गेला तर वरून नुसतं त्याच्या फेट्याचं टोक दिसायचं.”

मागं बटनांचा आवाज सुरू झाला. “उंट घालू?”

“उंट नको. खोली घाल.”

“हे खरं हाय का?”

“खोली खरी हाय. नवी नवरी होते तवा मी त्यातनंच शेतात भाकर घेऊन जायचे. वरच्या वाटंनं गेलं तर सासूबाईंना ओसरीतनं दिसायचं की मी रमतगमत जायली. खालून कोण बघतंय? ओढ्याच्या वळणावर बोरी होत्या, दाट, हात घातला तर कोपरापर्यंत बोरंच बोरं. तासभर बसून खायचे.”

“ती बोरं तू खायचीस?” मागून मालकांचा आवाज आला. “मी पाखरं समजून गोफण घेऊन बसायचो.”

“पाखरू हुशार होतं,” मी भिंतीलाच सांगितलं. “गोफणवाला आला की उडायचं.”

ऋतुजा हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मग माझं तोंड सुटलं ते सुटलं. बोरीचं बन असं की आत शिरलेला माणूस बाहेर येईस्तोवर त्याला दाढी यायची. कोंबडीची भिंत कमी हाय हे खरं, पर तिच्या आडून पालथं पडून सरकत गेलं की देवाला बी दिसायचं न्हाई. आन् मग मी चंद्रीवर आले.

“चंद्री म्हैस होती आमची,” मी म्हणलं. ‘आमची’ म्हणलं, हे माझ्या ध्यानात नंतर आलं. “बसलेली असली की पाहुणे लांबून इचारायचे, हे टेकाड कुणाचं. उठली की निम्म्या गावात सूर्य मावळायचा. आन् टायमाची अशी पक्की की चाकूरच्या येष्टीचा डायव्हर तिच्याकडं बघून घड्याळ लावायचा. ती ओढ्याकडं निघाली की सव्वाचार. मधी कोणी येवो, बॉम्ब पडो, ती थांबायची न्हाई आन् पळायची न्हाई.”

“एवढी मोठी न्हवती चंद्री,” मालक बोलले.

माझा हात शेंगंवर थांबला. बटनं बी थांबली. झालं, मला वाटलं, ह्या इमानदार माणसानं घात केला.

अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणले, “म्हंजी, बसल्यावर न्हवती. उभी राहिली की होती.”

मी मागं वळले.

“तिच्या पाठीवर,” मालक पुढं म्हणले, जपून, नदीत पाय टाकल्यासारखं, “मी ज्वारी वाळत घालायचो.”

“किती, आबा?” ऋतुजानं हळूच इचारलं.

रोजच्यासारखं असतं तर ते चप्पल घालून बाहेर बघायला गेले असते. पर ते खुर्चीतच बसले, वर पंख्याकडं बघितलं आन् म्हणले, “दोन पोती.” मग घसा साफ केला. “तीन.”

पंचावन्न वर्षांत ती त्यांची पहिली थाप. माझ्या अंगावर काटा आला, खोटं न्हाई सांगत.

शुक्रवारी पोरं खेळायला आली. माहेरची भिंत उंच, गाड्या चालू, शेळी फलाटावर. सासरी ओढा खोल, बोरीचं बन दाट, आन् मधून मधून एक म्हैस उठायची, गोळ्यांतनं हळूहळू पारापर्यंत चालत जायची आन् परत यायची. तिला गोळी लागत न्हाई. तिच्या आड पाच माणसं आरामात चालतील. माहेराला उंची, सासराला खोली. दोन्ही गावं एकमेकांसारखी बिलकुल न्हाईत, आन् दहा डावांत पाच-पाच.

संगप्पा जांभई विसरला होता. तरी पर त्यानं शंका काढलीच. “ताई, मजा लई हाय. पर हा सामना हाय, जत्रा न्हाई. म्हैस कवा उठंल काय भरवसा? ऐन वेळंला उठली तर नशिबानं हरायचं का आम्ही?”

“आमची म्हैस बेभरवशाची न्हाई,” ऋतुजा म्हणली. अगदी माझ्यासारखा हात हलवून. “दर तीन मिनिटाला उठती. एक सेकंद इकडं न्हाई, तिकडं न्हाई. गाड्या बी तशाच, ठरल्या टायमाला एकमेकीपाशी येतात. जो मोजंल त्याला डाव, जो मोजणार न्हाई त्याला मजा.”

फोनमधून बुद्धप्रियाचा आवाज आला न्हाई. मला तवाच वाटलं, ही पोरगी मोजायली.

रविवारी आम्ही सगळे येष्टीनं नांदेडला गेलो. मालकांनी धुतलेलं धोतर, कडक टोपी. जसं काही मुलगी बघायला निघाले. एका कालेजाच्या हॉलमधी सामना, समोर सिनेमासारखा मोठा पडदा, दोन्ही अंगाला पाच-पाच पोरं कानाला डबे लावून. हॉल गच्च. पोरांनी आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. पडद्यावर माझं माहेर एवढं मोठं झालं की मी सांगितलं होतं तेवढंच दिसायलं.

चार डाव झाले, दोन-दोन. पाचवा शेवटचा. नाणं उडवलं, संगप्पा जिंकला. त्यानं माहेर मागितलं. भिंत कोणाला नको असती. बुद्धप्रियाच्या वाट्याला सासर आलं.

ऋतुजानं माझा हात धरला होता. “कोणी बी जिंकू दे आजी,” ती म्हणली, “पर त्यांनी परत मागितलं पाहिजे.”

शेवटचं एक मिनिट राहिलं तवा झेंडा संगप्पाच्या ताब्यात होता. तो स्वतः भिंतीवर उभा, बंदूक ओढ्याच्या वळणावर लावून. त्याला पक्कं माहीत, सासरचे लोक ओढ्यातनंच येणार. बुद्धप्रियाचे चार जण ओढ्यात होते बी, बोरीतनं मुद्दाम पानं हलवायले. पर ती स्वतः कुठं दिसंना. मी शोधायले, शोधायले, मग दिसली. चंद्री बसली होती तिच्या मागं ती बी बसलेली. नुसती बसलेली.

भिंतीवरच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या आन् त्यांच्या मधी संगप्पाची नजर झाकली, पापणी लवती तेवढाच वेळ. आन् त्याच वेळंला चंद्री उठली. उठायच्या आधीच बुद्धप्रिया चालायला लागली होती. म्हैस चालली, तिच्या पोटाच्या आडून पोरगी चालली, ना घाई, ना पळापळ. संगप्पाला कळंस्तोवर ती पारावर होती, झेंडा तिच्या हातात आन् वेळ संपलेली.

हॉल उठून उभा राहिला. मला क्षणभर कळंना मी कोणाच्या बाजूनं ओरडायचं. जिंकलं नांदेड, म्हणजे माझं माहेर. पर जिंकलं सासरच्या बाजूनं. मी दोन्ही हात वर केले आन् जे तोंडात आलं ते ओरडले.

मालक बी उभे होते. शेजारी एक अनोळखी माणूस होता, मास्तर असावा. त्याच्या खांद्याला हात लावून मालक म्हणले, “ती म्हैस आमची.”

मग गलका थांबला. संगप्पानं कानाचे डबे काढले. पडद्याकडं बघत बसला. ऋतुजानं माझा हात एवढा आवळला की बांगडी रुतली. हरलेला माणूस काय बोलंल, त्याच्यावर सगळं होतं. जिंकणाऱ्याला कोणता बी म्याप चांगलाच वाटतो.

तो उठला, आमच्यापाशी आला. कपाळावर आठ्या.

“ताई,” तो ऋतुजाला म्हणला, “परत लाव.”

“सामना संपलाय की.”

“सामना गेला खड्ड्यात. परत लाव. ह्या टायमाला मला सासर पाहिजे.”

“मला पाहिजे सासर,” मागून बुद्धप्रिया म्हणली. “मी जिंकलेय.”

“तू जिंकलीस म्हणूनच तू माहेरी जा.”

दोघं असे भांडायले, जसं सासर म्हणजे खिरापत हाय. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढं आली, आम्हाला बी खेळायचं म्हणून. हॉलचा शिपाई झाडू घेऊन आत आला, पडद्यावरच्या शेळीकडं बघत उभा राहिला, आन् झाडू भिंतीला टेकवून बसला. ऋतुजा कुठं गेली म्हणून बघते तर कंप्युटरपाशी, पाठमोरी, चारी बाजूंनी पोरांनी घेरलेली. “ती शेळी कुठून आली ताई?” कोणीतरी इचारलं. “आजीला इचारा,” ती म्हणली. तिचा आवाज नाचत होता.

आम्हा दोघांना मग पुढच्या येष्टीत बसवून दिलं. ऋतुजा मागून आपल्या बापासंगं येणार होती. उन्हं कलली होती. लोह्याच्या पुढं दोन्ही अंगाला हिरवी ज्वारी, कणसात दाणा भरायला लागलेला. मालक खिडकीपाशी. अहमदपूर आलं. मग बाहेर बघतच म्हणले,

“बजरंगची आई. उमरीचं वरण तसं पातळ न्हवतं.”

आता तुम्हाला म्हणून सांगते, त्यांना सांगू नका. पातळच होतं. वऱ्हाड सांगितलं चार गाड्यांचं आन् आलं अकरा गाड्यांचं. खिडकीतनं मी गाड्या मोजल्या, माझ्या आईचं तोंड बघितलं, आन् सगळ्या बाया नवरदेव बघायला पळाल्या तवा मी मागच्या दारानं जाऊन वरणात दोन हंडे पाणी ओतलं. हळदीचे हात होते. वरणात पडली असंल हळद, पर वरण पिवळंच असतं, कोणाला काय कळतंय? सासूबाई खरं बोलल्या होत्या. म्हणूनच तर मला एवढं लागलं.

पर हे येष्टीत कशाला सांगायचं. माणूस नुकताच थापा मारायला शिकलेला, त्याची हौस मोडू न्हाई.

“घट्ट होतं,” मी म्हणलं. “एवढं घट्ट की त्यात चमचा उभा राहायचा.”

मालकांनी थोडा विचार केला. चाकूरचा फाटा आला, गेला.

“पळी,” ते म्हणले. “पळी उभी राहायची.”